डॉक्सिजन जुनं झालं म्हणून सोडायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जळगावच्या एका छोट्या कंपनीत तुम्ही नुकतेच लागलात. ठिबकचे व्हॉल्व्ह आणि विहिरीवरची मोटार चालवणाऱ्या कंट्रोलरचा कोड तुमच्या गळ्यात पडलाय. बहुतेक सी, थोडं सी प्लस प्लस. कॉमेंट (कोडमध्ये माणसासाठी लिहिलेल्या टिपा) आहेत, पण प्रत्येक फाइलमध्ये वेगळ्या पद्धतीच्या. मूळ लिहिणारे केव्हाच पुण्याला निघून गेले. साहेब म्हणतात, ‘महिन्याभरात डॉक्युमेंटेशन करून टाक.’ एक मित्र सांगतो डॉक्सिजन (कोडमधल्या कॉमेंट वाचून डॉक्युमेंटेशनची पानं काढणारं टूल) म्हातारं झालं, त्याऐवजी स्फिंक्स हे दुसरं टूल घे. दुसरा म्हणतो, एआयकडून लिहून घे आणि मोकळा हो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की ही टूल्स सारखी बदलतात, तर आज केलेली मेहनत पाच वर्षांनी वाया जाणार नाही कशावरून?

माझ्या मते खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. टूल कुठलं हे एका दुपारी ठरवता येतं आणि पुढच्या वर्षी बदलताही येतं. पण कोडच्या डोक्यावर लिहिलेली कॉमेंट दहा-पंधरा वर्षं तिथेच बसून राहते. म्हणून आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुमच्या कोडसाठी डॉक्सिजनच ठेवा, पण कॉमेंट अशा लिहा की डॉक्सिजन उद्या नसलं तरी त्या साध्या डोळ्यांनी वाचता येतील. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्या जिथे येतील तिथे सांगतो. मी स्वतः जळगाव-धुळ्याकडे अशाच कंट्रोलरच्या आणि शीतगृहांच्या कोडवर काम करतो, तेव्हा माझं मत त्या अनुभवातून आलंय. बँकेच्या सॉफ्टवेअरवाला कदाचित वेगळं सांगेल.

थोडा इतिहास सांगतो, कारण तुमच्या फाइलींमध्ये तोच साचलाय. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी 1984 मध्ये ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ची कल्पना मांडली आणि त्यासाठी वेब नावाची व्यवस्था केली (इंटरनेटवाल्या वेबशी तिचा संबंध नाही). एकाच फाइलमध्ये माणसाला समजेल अशा क्रमाने सगळं लिहायचं; एक प्रोग्रॅम त्यातून कंपायलरसाठी कोड काढणार, दुसरा छापण्यासाठी पुस्तक. त्यांचं टेक हे छपाईची पानं जुळवणारं सॉफ्टवेअर याच पद्धतीने लिहिलेलं आहे. कल्पना देखणी होती, पण रोजच्या कामाच्या रेट्यात निबंध लिहीत प्रोग्रॅम करणारी माणसं किती मिळणार? ती पद्धत सर्वसाधारण कंपन्यांत रुजली नाही.

रुजली ती उलटी वाट. कोड जसा आहे तसा राहू दे, फक्त त्यातल्या काही कॉमेंटवर खूण कर. 1996 मध्ये जावासोबत जावाडॉक आलं आणि ही खूण घराघरात पोचली: कॉमेंट सुरू करताना एकाऐवजी दोन तारे. कंपायलरला ती साधी कॉमेंट दिसते आणि तो पुढे जातो. जावाडॉकला दुसरा तारा दिसतो आणि ते थांबून वाचतं. जास्तीची फाइल नाही, वेगळी भाषा नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशारीची गोष्ट तो एक जादा तारा आहे.

सी प्लस प्लसवाल्यांकडे तेव्हा डॉक प्लस प्लस नावाचं टूल होतं. दिमित्री व्हान हेश या डच प्रोग्रॅमरने 1997 मध्ये डॉक्सिजन बाहेर काढलं तेव्हा पहिल्या आवृत्तीत डॉक प्लस प्लसच्या जुन्या कोडचा काही भाग उसना घेतला होता. पुढे जवळपास सगळं नव्याने लिहिलं गेलं. पण डॉक्सिजन टिकलं त्याचं कारण माझ्या मते वेगळं आहे. त्याने कुणाला ‘माझ्याच पद्धतीने लिही’ असं म्हटलं नाही. जावावाल्याचे दोन तारे आणि @पॅरॅम (फंक्शनला दिलेली किंमत, म्हणजे पॅरामीटर, समजावणारी आज्ञा) चालतात. क्यूटी या सी प्लस प्लसच्या लायब्ररीवाल्यांची उद्गारचिन्हाची कॉमेंट आणि उलट्या तिरक्या रेघेच्या आज्ञा चालतात. तीन तिरक्या रेघाही चालतात. 2012 मधल्या 1.8.0 आवृत्तीपासून मार्कडाउनही (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) चालतं.

आता तुमच्या फाइली उघडा. जुन्या वाड्याच्या भिंतीवर चुन्याचे थर असावेत तशा त्या तुम्हाला दिसतील. जिथे @पॅरॅम आणि @रिटर्न आहे ती फाइल कॉलेजात जावा शिकून आलेल्याने लिहिली असणार. जिथे /*! आणि \ब्रीफ आहे तिथे क्यूटीचा किंवा एखाद्या चिप कंपनीच्या नमुना कोडचा हात आहे. ठळक अक्षरांसाठी एचटीएमएलचे टॅग म्हणजे जुना काळ, ताऱ्यांच्या याद्या म्हणजे अलीकडचा. आणि महत्त्वाचं असं की आजचं डॉक्सिजन हे सगळे थर वाचतं. तुमच्या भीतीला अर्धं उत्तर इथेच मिळतं: पंधरा वर्षांपूर्वीची मेहनत वाया गेलेली नाही. एका पद्धतीत आणण्यासाठी सगळ्या फाइली बदलायला बसू नका. त्यात महिना जाईल आणि वाचणाऱ्याला एका अक्षराचाही फायदा होणार नाही.

उरलेलं अर्धं उत्तर बाकीच्या टूल्सच्या वाटचालीत आहे. स्फिंक्स 2008 मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथॉनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी तयार केलं. त्याचा कल वेगळा: आधी माणसाने लिहिलेली प्रकरणं, आणि मध्ये जागोजागी कोडमधून उचललेले भाग. त्यानंतरच्या भाषांनी तर टूल बाहेरून आणायची गरजच ठेवली नाही. रस्टमध्ये डॉक्युमेंटेशनचं टूल भाषेसोबतच येतं आणि कॉमेंटमधला नमुना कोड चाचण्यांबरोबर चालवूनही बघतं. नमुना मोडला की चाचणी नापास. (पायथॉनच्या डॉकटेस्टने हे खूप आधी दाखवलं होतं, पण ते वेगळं चालवावं लागतं.) गो या भाषेच्या लोकांनी आणखी साधं केलं: खास आज्ञा जवळपास नाहीतच, फंक्शनच्या वर सरळ वाक्यं लिहायची. आणि ज्या जावाने कॉमेंटमध्ये एचटीएमएल आणलं, त्याच जावाने 2024 मधल्या 23 व्या आवृत्तीत तीन तिरक्या रेघांच्या मार्कडाउन कॉमेंट स्वीकारल्या.

म्हणजे दिशा बघा: खुणा हलक्या होत गेल्या, तपासणी कडक होत गेली. उद्या येणारं टूलही साधी वाक्यं आणि थोडं मार्कडाउन वाचेलच. म्हणून नवीन लिहाल त्यात आज्ञा कमीत कमी ठेवा. पॅरामीटर, परत येणारी किंमत, इशारा, एवढ्या पुरतात. डॉक्सिजनच्या यादीत दीडशेच्या वर आज्ञा आहेत. त्यातल्या बहुतेकांकडे बघूही नका.

तपासणीच्या बाबतीत जावावाल्यांचा एक अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. 2014 मध्ये जावा 8 आलं आणि जावाडॉक कॉमेंटमधलं एचटीएमएल तपासू लागलं. तोवर कसंही लिहिलेलं चालून जायचं. आता परिच्छेदाचा टॅग चुकीचा बंद केला किंवा ‘पेक्षा लहान’चं चिन्ह तसंच टाकलं की बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याची पायरी) लाल, म्हणजे नापास. कितीतरी ठिकाणी लोकांनी कॉमेंट दुरुस्त केल्या नाहीत. तपासणी बंद करायचा पर्याय बिल्डमध्ये चिकटवला आणि पुढे गेले. जुन्या कोडवर एकदम सगळी तपासणी लादली की असंच होतं. तुमच्याकडेही होईल.

आता प्रत्यक्ष कामाचं. सगळ्यात आधी जुनी डॉक्सफाइल (डॉक्सिजनच्या सेटिंगची फाइल) सापडते का बघा. सापडली तर फेकू नका. डॉक्सिजनला -u पर्याय देऊन चालवा, ती नव्या आवृत्तीच्या साच्यात येते. नसेल तर -g ने कोरी बनवा.

मग ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ हा पर्याय बघा. बरेच लोक इथे फसतात. पहिल्यांदा डॉक्सिजन चालवलं की पानं रिकामी दिसतात, मग नेटवर कुणीतरी सांगितलेलं असतं की एक्स्ट्रॅक्ट ऑल चालू कर. केलं की शेकडो पानं येतात, साहेब खूश. पण तो पर्याय चालू असला की ‘या फंक्शनला कॉमेंट नाही’ ही सूचना डॉक्सिजन देणंच बंद करतं, कारण त्याच्या दृष्टीने आता सगळ्याला कॉमेंट आहे असं धरलेलं असतं. म्हणजे काय राहिलंय हे सांगणारी एकमेव यादी तुम्ही स्वतःच्या हाताने गाडता.

पानं रिकामी का होती, याचं कारण सी कोडमध्ये बहुतेक वेळा एकच असतं. क्लासच्या बाहेरची फंक्शन्स, मॅक्रो, एनम हे सगळं दिसायला ज्या फाइलमध्ये ते आहे त्या फाइललाच कॉमेंट लागते. फाइलच्या माथ्यावर @फाइल असलेली एक ओळ टाका, आत लिहिलेल्या सगळ्या कॉमेंट एकदम उजेडात येतात. सी प्लस प्लसच्या क्लासना हे लागत नाही, त्यामुळे अर्धा कोड दिसतो आणि अर्धा गायब, आणि माणूस चक्रावतो.

तिसरी अडचण मॅक्रोंची. डॉक्सिजन म्हणजे कंपायलर नव्हे. ते मजकूर चाळून अंदाजाने रचना ओळखतं. साध्या कोडवर तो अंदाज बरोबर निघतो. पण कंट्रोलरच्या कोडमध्ये इंटरप्टच्या फंक्शनसाठी चिप कंपनीचे मॅक्रो असतात, आणि ते ओळीच्या मध्येच घुसलेले असतात. मग डॉक्सिजन मॅक्रोलाच फंक्शनचं नाव समजतं. त्यावर उपाय ‘प्रीडिफाइन्ड’ या यादीत: ‘मॅक्रो एक्स्पान्शन’ चालू करून असे मॅक्रो तिथे नोंदवायचे आणि त्यांचा अर्थ रिकामा द्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं.

आता सूचनांची यादी वेगळ्या फाइलमध्ये काढा. आकडा मोठा येईल. घाबरू नका आणि तो एकदम शून्यावर आणायचा हट्टही धरू नका. सुरुवातीला फक्त हेडर फाइली (बाहेरून वापरायच्या फंक्शन्सची ओळख असलेल्या) द्या. कारण बाहेरचा माणूस तुमच्या कोडला हात लावतो तो हेडरमधून. आतलं वाचायला येणारा कोड उघडूनच बसतो. हेडरची यादी संपली की मग बिल्डला सांगा की सूचना आली तर बिल्ड नापास. त्यासाठी डॉक्सिजनमध्ये पर्याय आहे, आणि नव्या आवृत्त्यांत सगळं चालवून शेवटी नापास करण्याचीही सोय आहे. तीच घ्या, म्हणजे सगळ्या चुका एका वेळी दिसतात. याचा खरा फायदा महिन्या-दोन महिन्यांनी कळतो. कुणीतरी पॅरामीटरचं नाव बदलतं आणि कॉमेंट तशीच ठेवतं. डॉक्सिजन लगेच बोट दाखवतं की या नावाचा पॅरामीटर आता नाही. माझ्यासाठी डॉक्सिजनची किंमत त्या सुंदर पानांपेक्षा या बोट दाखवण्यात जास्त आहे.

ग्राफबद्दल दोन शब्द. ग्राफव्हिझ बसवलं की कोण कुणाला बोलावतं याची चित्रं निघतात. साहेबांना ते जाळं फार आवडतं. मी ते रोजच्या बिल्डमध्ये बंद ठेवतो, कारण वेळ खातं. एखादं जुनं फंक्शन काढून टाकायचं असेल तेव्हा ‘याला कोण कोण बोलावतं’ हे चित्र एकदा काढतो. फंक्शन पॉइंटरमधून होणारी बोलावणी त्यात येत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवा. चित्रात कुणी दिसत नाही म्हणून फंक्शन उडवलं आणि मोटार बंदच होईना, असं व्हायला नको.

आता लिहायचं काय. कंट्रोलरच्या कोडमध्ये मला नेहमी सापडणारी कॉमेंट ही अशी (प्रत्यक्षात आज्ञा इंग्रजी अक्षरांत असतात; इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत):

/** @ब्रीफ मोटार सुरू करण्याचा विलंब.
 *  @पॅरॅम विलंब  विलंब. */

टूलच्या दृष्टीने ही पूर्ण आहे, एकही सूचना येणार नाही. वाचणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही. पुण्यात बसलेला हुशार मुलगा हा कोड वाचेल आणि म्हणेल, लाइट आलीये, मोटार सुरू करायचीये, मग चाळीस सेकंद थांबायचं कशाला? आणि तो ते शून्य करेल. चोपडा-यावलकडच्या शेतकऱ्याला विचारा, तो लगेच सांगेल. शेतीच्या फीडरला लाइट आली की सगळ्यांचे ऑटो स्टार्टर एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, मोटारी घुरघुरतात, कधी डीपीच जळते. मग आठवडाभर केळीला पाणी नाही, आणि तेही मे महिन्यात. तेव्हा कॉमेंट हवी ती अशी:

/** लाइट परत आल्यावर मोटार लगेच घेत नाही.
 *  फीडरवरचे सगळे ऑटो स्टार्टर एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं;
 *  ते सावरेपर्यंत थांबतो. हा वेळ शून्य करू नये.
 *  @पॅरॅम विलंब  सेकंदांत. प्रत्येक कंट्रोलरला वेगळा द्यावा,
 *  नाहीतर आपलेच सगळे कंट्रोलर एकदम उठतील. */

यातलं एकही वाक्य कोडमधून काढता येत नाही. तसंच व्हॉल्व्हचं. पुढचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि मगच आधीचा बंद करायचा, नाहीतर चालू मोटारीसमोर सगळी लाइन बंद होते आणि दाबाने जॉइंट सुटतात. कोडमध्ये फक्त दोन ओळींचा क्रम दिसतो. तो क्रम का, हे लिहिलेलं नसतं. कुणीतरी ‘नीटनेटकं’ करताना त्या दोन ओळींची अदलाबदल करतो आणि तक्रार येते ती थेट शेतातून.

एआयचा मुद्दा इथेच निकालात निघतो. कॉमेंट लिहून घ्यायला हरकत नाही. पॅरामीटरच्या याद्या, परत येणाऱ्या एररची नावं, हे काम ते झटपट करतं आणि मीही करून घेतो. पण त्याच्यासमोर कोड आहे, फीडर नाही. डीपी जळण्याची गोष्ट त्याला कोडमधून कळणार नाही. फार तर ‘स्थिरतेसाठी विलंब’ असं काहीतरी गुळगुळीत लिहील. आणि गुळगुळीत कॉमेंट रिकाम्या जागेपेक्षा वाईट, कारण डॉक्सिजनची सूचना बंद होते आणि त्या जागेकडे पुन्हा कुणी बघत नाही. म्हणून आधी जुन्या माणसांना फोन करा. सोडून गेलेले प्रोग्रॅमर, आणि त्याहून जास्त साइटवर जाऊन बसवणारे टेक्निशियन. कोडमधल्या विचित्र आकड्यांची यादी घेऊन त्यांच्याबरोबर एक दिवस बसलात तर त्यातून जे मिळेल ते कुठलंही टूल देणार नाही.

स्फिंक्स केव्हा घ्यावं? तुमच्या कंपनीत सर्व्हरची बाजू पायथॉनमध्ये असेल, किंवा वापरणाऱ्यांसाठी ‘कंट्रोलर कसा बसवावा’ इथपासून सलग पुस्तक लिहायचं असेल, तर जरूर घ्या. तेव्हाही सीसाठी डॉक्सिजन सोडावं लागत नाही. डॉक्सिजनला एक्सएमएल काढायला सांगायचं आणि ब्रीद नावाच्या जोडणीने ते स्फिंक्सच्या पानांत आणायचं. एक खाचखळगा आधीच सांगतो. स्फिंक्सचं ऑटोडॉक पायथॉनची फाइल नुसती वाचत नाही, ती इम्पोर्ट करतं. तुमच्या गेटवेच्या कोडमध्ये हार्डवेअरची लायब्ररी असेल तर ऑफिसच्या लॅपटॉपवर ती नसते आणि सगळं तिथेच आडवं होतं. त्या लायब्ररीचं नाव ‘मॉक इम्पोर्ट्स’च्या यादीत टाकलं की काम होतं. दोन-तीन माणसांच्या टीममध्ये आणि शुद्ध सी कोड असेल तर मात्र ही दुहेरी व्यवस्था सांभाळत बसू नका.

कॉमेंट मराठीत लिहायच्या का, हे तुमच्या टीमवर आहे. साइटवरचे टेक्निशियन वाचणार असतील तर मी ‘का’ मराठीत लिहितो. उद्या कोड बाहेरच्या कुणाकडे जाणार असेल तर इंग्रजीत. फाइली यूटीएफ-8 मध्ये असल्या की एचटीएमएल पानांत देवनागरी व्यवस्थित येते. फक्त ‘जावाडॉक ऑटोब्रीफ’ चालू असेल तर सांभाळा: पहिल्या पूर्णविरामानंतर जागा आली की तिथे सारांश संपला असं डॉक्सिजन धरतं. ‘तापमान अं. से. मध्ये’ असं लिहिलंत तर यादीत नुसतं ‘तापमान अं.’ एवढंच दिसेल. संक्षेप टाळा, शब्द पूर्ण लिहा.

आणि साहेबांना किंवा ग्राहकाला पीडीएफच हवी असेल तर डॉक्सिजन ती लॅटेकमधून (टेकवर उभी असलेली पानं जुळवायची व्यवस्था) काढतं, आणि नेहमीचं पीडीएफलॅटेक देवनागरीवर अडतं. झीलॅटेक किंवा लुआलॅटेक लावून हेडरमध्ये देवनागरी फॉन्ट द्यावा लागतो. तेवढा खटाटोप नको असेल तर हेडरची मोजकी पानं ब्राउझरमधूनच पीडीएफ म्हणून छापा. त्याआधी ग्राफ बंद करायला विसरू नका, नाहीतर चित्रांनीच पानं भरतील.